ओकायामाचं कोराकुएन बघायला जाताय? कुठल्या सीझनला जायचं, कुठून शिरायचं, काय चुकवायचं नाही

पुण्यात सिंहगड रोडवर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ज्याला आपल्यातले बरेच जण नुसतं ओकायामा गार्डन म्हणतात, ते ज्या बागेवरून बेतलंय ती मूळ बाग म्हणजे जपानमधल्या ओकायामा शहरातलं कोराकुएन. जपानच्या तीन नावाजलेल्या बागांपैकी ही एक, बाकीच्या दोन म्हणजे कानाझावाचं केनरोकुएन आणि मितोचं कैराकुएन. तरी आपले लोक टोकियो, क्योटो, ओसाका, हिरोशिमा असं करतात आणि ओकायामा शिंकान्सेनच्या (बुलेट ट्रेनच्या) खिडकीतून बघून पुढे जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ओसाकाहून जेमतेम पाऊण तासाचं अंतर आहे, आणि ही अशी बाग आहे जी एका महिन्यात एक दिसते आणि दोन महिन्यांनी पूर्ण वेगळी. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोंधळ मिटवून टाका. टोकियोतही कोराकुएन आहे. टोकियो डोमच्या शेजारचं ते कोइशिकावा कोराकुएन, तेही जुनं आणि सुंदर आहे पण ती बाग वेगळी, तो सरदार वेगळा, आणि त्या भागात कोराकुएन नावाचं मेट्रो स्टेशनसुद्धा आहे. मॅपवर नुसतं कोराकुएन टाकलं तर बऱ्याचदा तेच समोर येतं, आणि हॉटेल बुक करताना, ग्रुपमध्ये लोकेशन पाठवताना घोटाळे होतात. त्यामुळे सर्च करताना ओकायामा हा शब्द हवाच.

थोडा इतिहास, कारण तो माहीत असला की बागेत काय बघतोय ते कळतं. ओकायामाचा दाइम्यो, म्हणजे इथला सरदार म्हणा, इकेदा त्सुनामासा याने आपल्या त्सुदा नागातादा नावाच्या कारभाऱ्याला कामाला लावलं, 1687 मध्ये सुरुवात झाली आणि 1700 मध्ये बाग बऱ्यापैकी पूर्ण झाली. किल्ल्याच्या मागच्या बाजूला, असाही नदीच्या पात्रातल्या बेटावर. सरदाराने विश्रांती घ्यायची, पाहुण्यांची सरबराई करायची, नोह नाट्याचे प्रयोग करायचे (त्सुनामासा स्वतः नोह करायचा) यासाठी ही जागा, पण ठरावीक दिवशी सामान्य प्रजेलाही आत सोडायचे. 1884 मध्ये बाग प्रांत सरकारच्या ताब्यात आली आणि सगळ्यांसाठी उघडली. नंतर 1934 चा पूर आणि 29 जून 1945 चा हवाई हल्ला, दोन्हींत प्रचंड नुकसान झालं, शेजारचा किल्लाही त्याच रात्री जळाला. आज आपण जे बघतो त्यातलं बरंचसं जुनी चित्रं आणि नोंदी समोर ठेवून पुन्हा उभं केलेलं आहे. एदो काळातली (साधारण 1600 ते 1868) चित्रं आणि कागदपत्रं जपून ठेवली होती म्हणूनच हे जमलं, आणि मला या बागेबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो.

आता सीझन. इथे जरा वेळ घालवणार आहे कारण सगळं यावरच अवलंबून असतं.

जवळपास प्रत्येक जण विचारतो, साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, कधी? तर साकुरा मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, हवामानाप्रमाणे इकडेतिकडे. छान असतो, नाही कशाला म्हणू, पण नुसत्या साकुरासाठी कोराकुएन निवडू नका. खरी गर्दीची साकुरा बागेच्या बाहेर नदीकाठाने आहे, झाडांची लांबच लांब रांग, खाली लोक चटया टाकून बसलेले, आणि त्याला तिकीटही नाही. आत साकुराची झाडं एका भागात आहेत, बाकी बाग त्या वेळी थंडीतून नुकती बाहेर येत असते, हिरवळ अजून पूर्ण हिरवी झालेली नसते. त्या आठवड्यात हॉटेलं महाग, गाड्या भरलेल्या. आधीपासून जपानमध्ये असाल तर जरूर जा, पण भारतातून खास त्यासाठी तारखा अडवू नका.

मी तर म्हणेन जूनमध्ये जा. हो, पावसाळ्यात. जपानमध्ये जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत त्सुयू असतो, आणि टुरिस्ट लोक तो टाळतात, पण आपण कोकणातली आणि मावळातली माणसं, आपल्याला रिमझिम पावसाचं काय. कोराकुएनमध्ये चक्क भातशेती आहे. एका कोपऱ्यात सेइदेन नावाची चौकोनी खाचरं आहेत, प्राचीन चीनमधल्या जमीन वाटपाच्या पद्धतीवरून आखलेली, नऊ तुकडे, आठ तुकडे आठ कुटुंबांचे आणि मधल्याचं पीक सरकारात जमा. जूनच्या दुसऱ्या रविवारी इथे भातलावणीचा उत्सव होतो, पारंपरिक पोशाखातल्या बायका गाणी म्हणत चिखलात रोपं लावतात. लावणी बघत मोठे झालेल्या माणसाला ते बघून काय वाटतं ते सांगून कळणार नाही. त्याच सुमारास आयरिस फुललेले असतात, जांभळे आणि पांढरे, पाण्याच्या कडेने, आणि पावसाने शेवाळं आणि दगड असे काही गडद होतात की फोटोत रंग खोटे वाटतात. गर्दी कमी. छत्री आणि जाड सोलचे बूट, एवढंच लागतं.

जुलै-ऑगस्टमध्ये कमळं. इथे एक नियम पाळा, सकाळीच जा. कमळ पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटायला लागतं, त्यामुळे अकरा-बारा वाजता पोचून काही हाती लागत नाही. मोठ्या पांढऱ्या कमळांचं तळं म्हणजे कायो-नो-इके, आणि सेइदेनच्या खाचरात ओगा कमळ आहे, गुलाबी. या ओगा कमळाची गोष्ट भारी आहे: 1951 मध्ये चिबा प्रांतात उत्खननात साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं बी सापडलं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. ओगा इचिरो यांनी ते रुजवून दाखवलं, पुढच्याच वर्षी फूल आलं. हे ओगा मूळचे ओकायामाचेच. जुलैच्या सुरुवातीला एका रविवारी कमळं बघायला बाग पहाटे चारच्या सुमारास उघडतात, तारीख जुळत असेल तर झोप मोडायची आणि जायचंच. बाकी ऑगस्टची दुपार टाळा, 35 डिग्री आणि दमट, मुंबईच्या ऑक्टोबर हीटची सवय असली तरी नको होतं, आणि बाग मोकळी असल्यामुळे सावली कमी. त्याऐवजी ऑगस्टमध्ये काही रात्री दिवे लावून बाग उशिरापर्यंत उघडी ठेवतात, ते बघा. वसंतात आणि शरद ऋतूतही असे रात्रीचे दिवस असतात, तारखा दरवर्षी बदलतात म्हणून बागेच्या वेबसाइटवर आधी बघून घ्या.

मेपलचा लाल रंग नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. चिशिओ-नो-मोरी नावाची मेपलची राई आहे, शंभरेक झाडं, आणि ती एका ठिकाणी एकवटलेली असल्यामुळे लाल रंग एकदम अंगावर येतो. क्योटोत याच दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, तिथे रांगेत चालण्यापेक्षा एक दिवस इथे काढा. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, दिवाळी ऑक्टोबरात आली तर मेपल अजून हिरवेच असणार.

थंडीचं काय? फेब्रुवारीच्या सुरुवातीला हिरवळ पेटवतात. खरोखर पेटवतात, माणसं हातात टेंभे घेऊन सुकलेलं गवत जाळत जातात, म्हणजे किडे मरतात आणि नवा कोंब जोमाने येतो. आपल्याकडे शेत भाजतात, राब करतात, त्यामुळे आपल्याला हे चटकन समजतं. त्यानंतर काही आठवडे अख्खी बाग काळी असते, तेव्हा फेब्रुवारीच्या मध्यात जाणाऱ्यांनी हिरवीगार हिरवळ मनात धरून जाऊ नये, पण त्याच काळात उमे, म्हणजे जपानी प्लम, फुलायला लागतो आणि काळ्या जमिनीपुढे ती फिकट फुलं बघण्यासारखी असतात. बर्फ ओकायामात क्वचितच पडतो, बर्फातली जपानी बाग हवी असेल तर कानाझावाला जा. थंडीतलं दुसरं आकर्षण म्हणजे तांचो, डोक्यावर लाल टिळा असलेले क्रौंच पक्षी. एदो काळापासून इथे ते पाळायचे, युद्धानंतर एकही उरला नाही, मग 1956 मध्ये चीनचे लेखक कुओ मो-रो यांनी दोन क्रौंच भेट दिले, ते तरुणपणी ओकायामात शिकलेले होते. मुख्य गेटजवळच्या पिंजऱ्यात ते वर्षभर दिसतात, पण हिवाळ्यात काही ठरावीक दिवशी, 1 जानेवारीलाही, त्यांना बागेत मोकळं सोडतात. लहान मुलं बरोबर असतील तर या तारखा शोधून ठेवा.

मे महिन्याबद्दल दोन वाक्यं. हिरवळ ताजी, अझेलिया फुललेली, हवा उत्तम, आणि महिन्याच्या मध्याच्या पुढे एका रविवारी बागेतल्याच चहाच्या मळ्यात चहा खुडण्याचा कार्यक्रम असतो. फक्त एप्रिलचा शेवट ते 5 मे हा गोल्डन वीक टाळा, त्या वेळी अख्खा जपान सुट्टीवर असतो.

जायचं कसं. शिन-ओसाकाहून शिंकान्सेनने ओकायामा पाऊण तास, हिरोशिमाहूनही साधारण तेवढंच, टोकियोहून सव्वातीन तासांच्या आसपास. जेआर पास (टुरिस्टांसाठीचा रेल्वे पास) असेल तर नोझोमी या सगळ्यात वेगवान गाडीला वेगळे पैसे पडतात, म्हणून हिकारी किंवा साकुरा नावाची गाडी पकडा. स्टेशनवर कॉइन लॉकर आहेत, बॅगा तिथेच टाका, बागेतल्या वाटा खडीच्या आहेत आणि त्यावरून चाकाची बॅग ओढणं म्हणजे शिक्षा. स्टेशनच्या पूर्व बाजूला ट्राम मिळते, त्यात हिगाशियामा लाईनचीच पकडायची, कारण दुसरी लाईन यानागावाला उजवीकडे वळून जाते. शिरोशिता स्टॉपला उतरा, भाडं उतरताना पुढच्या दाराशी द्यायचं, आयसी कार्ड (पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) चालतं. तिथून दहा-बारा मिनिटं चालत. चालायची आवड असेल तर स्टेशनपासूनच मोमोतारो-दोरी या सरळ रस्त्याने अर्ध्या तासात पोचता, वाटेत मोमोतारोचे पुतळे दिसतील, पीचमधून जन्मलेल्या मुलाची ती गोष्ट या गावाचीच मानतात. आईवडील बरोबर असतील तर बागेच्या गेटपर्यंत जाणारी बस घ्या.

तिकीट मोठ्यांना 500 येनच्या आसपास आहे, ज्येष्ठांना सवलत, आणि किल्ल्याबरोबर एकत्र तिकीटही मिळतं, तेच घ्या. 20 मार्च ते सप्टेंबर अखेर सकाळी साडेसात ते सहा, बाकीच्या दिवसांत आठ ते पाच, आणि बंद व्हायच्या पाव तास आधी प्रवेश थांबतो. साप्ताहिक सुट्टी नाही. जमेल तितकं लवकर पोचा. पहिल्या तासात माळी काम करत असतात, टूरच्या बसेस आलेल्या नसतात, आणि तिरप्या उन्हात हिरवळीचे चढउतार दिसतात जे दुपारी सपाट होऊन जातात.

कुठून शिरायचं? दोन गेट लक्षात ठेवा, उत्तरेकडचं मुख्य आणि किल्ल्याकडचं दक्षिण. मुख्य गेटने आत जा आणि दक्षिण गेटने बाहेर पडून पुलावरून किल्ल्यात जा. उलटं केलं तरी चालतं पण मग किल्ला पाठीमागे राहतो, आणि या बागेत किल्ला समोरच हवा, कारण बाहेरचा डोंगर आणि किल्ला आपल्याच बागेचा भाग वाटावा अशी सगळी रचना आहे. पूर्वेकडचा मिसाओयामा डोंगर तर असा काही येतो की कुंपण कुठे संपलं हे कळत नाही.

आता आतला रस्ता. ही फिरत बघायची बाग आहे, एका जागी उभं राहून सगळं दिसावं अशी सोय फक्त सरदारासाठी होती, ती एन्योतेइ नावाच्या वाड्यातून. तो वाडा 1945 ला जळाला आणि 1960 मध्ये पुन्हा बांधला, आत मात्र एरवी सोडत नाहीत, कधीतरी खास दिवशी उघडतात. बाहेरून बघा आणि मग वाड्याकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे सरदाराला काय दिसायचं ते दिसेल: मोकळी हिरवळ, त्यापुढे सावा-नो-इके तलाव, मागे डोंगर. जपानी बाग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गर्द झाडी आणि छोटी छोटी कोपऱ्यातली दृश्यं येतात, इथे त्याच्या उलट, आभाळ केवढं तरी मोठं. एकूण 13 हेक्टरच्या वर जागा आहे.

तिथून कायो-नो-इकेकडे या आणि तळ्याच्या मागे एक प्रचंड ग्रॅनाईटचा दगड आहे तो नीट बघा. लोक त्याच्यापुढून न थांबता जातात. एवढा मोठा दगड आणणं शक्य नव्हतं म्हणून त्याचे नव्वदहून जास्त तुकडे केले, वाहून आणले, आणि इथे परत जसाच्या तसा जुळवला. जवळ गेलात की तुकड्यांमधले सांधे दिसतात, एक तुकडा दुसऱ्यावर कसा बसवलाय ते बोट दाखवून मुलांना सांगता येतं, तीनशे वर्षं होऊन गेली तरी तो उभा आहे. मी कोणालाही बागेत नेलं तर इथे हमखास थांबवतो.

मग तलावाला वळसा घालून युइशिनझान टेकडीवर चढा, सहाएक मीटर उंच, दोन मिनिटांचं काम, पण अख्खी बाग इथून कळते. ही टेकडी त्सुनामासाच्या मुलाने, त्सुगुमासाने करवून घेतली, मुळात बाग बरीच सपाट होती. पुण्याच्या उद्यानात फिरलेल्यांना वरून बघताना वळणाचं पाणी आणि हिरवळ लगेच ओळखू येईल.

टेकडीवरून खाली आलात की र्‍यूतेन. माझ्या मते ही बागेतली सगळ्यात सुंदर जागा, आणि बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्या मोजक्या वास्तूंपैकी. दुमजली लाकडी मंडप, खाली भिंती नाहीत, आणि मधोमध जमिनीतून ओढा वाहतो. ओढ्यात सहा रंगीत दगड मांडलेत. बूट काढून फळ्यांवर बसायचं. उन्हाळ्यात बाहेर घाम फुटत असतो आणि इथे पाण्यावरून गार वारा येतो, पाण्याचा आवाज इतका बेताचा की शेजारी बोलणाऱ्या माणसाचं बोलणं त्यात बुडत नाही. फोटो काढून लगेच उठू नका, निदान पंधरा मिनिटं द्या. बागेतून असे ओढे एकूण 640 मीटर वळणं घेत जातात, मूळ योजनेत हे पाणी असाही नदीच्या वरच्या अंगाने आणलं होतं. र्‍यूतेनच्या जवळच यात्सुहाशी, आठ फळ्यांचा नागमोडी पूल, त्याच्या दोन्ही बाजूंना आयरिस. चहाचा मळा, सेइदेन आणि मेपलची राई त्याच अंगाला करून घ्या, आणि शेवटी दक्षिणेकडे रेनचिकेन बघा, त्सुनामासाची आवडती जागा होती म्हणतात, हीसुद्धा युद्धातून वाचली.

एवढ्याला दोन तास धरा, घाईत केलं तर सव्वा तास, पण मग कशाला आलात.

खाण्याचं. शाकाहारी लोकांनी लक्ष द्या, जपानमध्ये सूप, रस्सा, अगदी भाज्यांच्या पदार्थातही माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो, त्यामुळे जेवण शहरात आधी ठरवून ठेवा किंवा बरोबर थेपले, दशम्या ठेवा. बागेत चहाच्या जागा आहेत, माच्चा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) आणि गोड पदार्थ मिळतो. किबि-दांगो नक्की घ्या, चिकट तांदळाच्या पिठाच्या मऊ गोळ्या, मोमोतारोच्या गोष्टीतल्या त्याच, घरी न्यायलाही बरं, तरी डब्यावरचे घटक एकदा ट्रान्सलेट करून बघा. जुलै-ऑगस्टमध्ये असाल तर ओकायामाचा पांढरा पीच. महाग असतो, एक फळ घेऊन चौघांत कापून खा, पण खाच.

हिरवळीवर पाटी किंवा दोरी असेल तिथे पाय टाकायचा नाही, झाडांना हात लावायचा नाही, मुलांना ओढ्यात दगड टाकू देऊ नका. व्हीलचेअर खडीवरून जाते पण ढकलायला जोर लागतो, म्हणून टेकडी आणि पूल सोडून तलावाभोवतीचा मोठा रस्ताच ठेवा.

दक्षिण गेटने बाहेर पडलात की त्सुकिमी-बाशी, आणि पलीकडे काळा किल्ला, ज्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. 1597 चा, उकिता हिदेइए याने पूर्ण केलेला, आताचा मुख्य मनोरा मात्र 1966 मध्ये काँक्रीटमध्ये बांधलेला. आत लिफ्ट आहे, वरून बाग दिसते आणि सकाळी कुठून कुठे फिरलो ते सगळं नकाशासारखं समोर येतं, म्हणून किल्ला नंतरच. दुपारी दोनपर्यंत दोन्ही उरकतं. हातात संध्याकाळ उरली तर ओकायामाहून कुराशिकी लोकलने पंधरा-वीस मिनिटांवर आहे, कालव्याकाठची जुनी गोदामं आणि पांढऱ्या भिंतींची घरं, फक्त तिथलं ओहारा म्युझियम बघायचं असेल तर सोमवार टाळा आणि मग बाग दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा.